सायनडे

आमच्या गल्लीत एक शब्द होता, तो तुम्हाला कुठल्याही शब्दकोशात सापडायचा नाही. सायनडे. बुऱ्हाणपुरात, सिंधीपुऱ्यातल्या आमच्या त्या अरुंद गल्लीत, परगावी असलेला नवरा ज्या दिवशी घरी यायचा त्या दिवसाला सायनडे म्हणत. आता कोणी म्हणत नाही. आता माणूस गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत बायकोच्या कानात फोनवर बोलत असतो, त्याचा कसला आलाय सायनडे! पण शेजारची एक म्हातारी अजून मधूनच म्हणते, आणि ती म्हणायला लागली की मी काहीतरी काम काढून आत जाते. कारण तो शब्द गल्लीत मी आणला होता, आणि चुकीचा आणला होता.

लग्न होऊन मी लोधीपुऱ्यातून सिंधीपुऱ्यात आले. माहेर इतकं जवळ, की रुसून जायचीसुद्धा सोय नाही. राग उतरायच्या आत माणूस पोचायचा आणि आई दारातूनच परत पाठवायची. सासरी माणसं दोनच, आमचे हे आणि मामंजी. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. म्हणजे खरं तर माणूस एकच, कारण हे नागपूरला असत.

तेव्हा आमच्या प्रांताची राजधानी नागपूर. विधानसभा तिथं भरायची, आणि सभागृहात कोणी हिंदीत बोले, कोणी मराठीत, कोणी इंग्रजीत. मराठीत जे बोललं जाईल ते लघुलिपीत टिपून घ्यायचं, ही ह्यांची नोकरी. आईला कोणी विचारलं, जावई काय करतात, की ती सांगायची, "आमदार बोलतात ते लिहून घेतात." ऐकणारीला वाटायचं, आमदारांना लिहिता येत नसावं. आईही तो गैरसमज दूर करायची नाही, कारण त्यात जावयाचा मान वाढत होता.

नागपुरात ह्यांची एक खोली होती, दोघा सोबत्यांत मिळून. तिथं बायको कुठे ठेवणार? "वेगळी खोली मिळाली की नेतो तुला," असं सांगून लग्नानंतर आठवड्याभरात हे निघाले. माझं सगळं लग्न त्या एका वाक्यावर उभं होतं, अगदी खरं सांगते. मला नागपूर बघायचं नव्हतं. विधानसभा तर नव्हतीच नव्हती. मला नवऱ्याबरोबर राहायचं होतं, त्याच्यासाठी चहा ठेवायचा होता, त्याच्याशी भांडायचं होतं. इतकं साधं मागणं होतं माझं.

निघताना मी विचारलं, "परत कधी?" ओट्याची पायरी उतरता उतरता हे म्हणाले, "हाउस साइनी डाय झालं की येतो." आणि टांग्यात बसले.

माझं शिक्षण चौथी पास. मला ऐकू आलं, साइनी डे. आता त्या काळी नवंनवं स्वातंत्र्य मिळालेलं, शाळेत इंडिपेंडन्स डेला लाडू वाटलेले मला चांगले आठवत होते, त्यामुळे डे म्हणजे मोठा दिवस हे मला ठाऊक. आणि साइन म्हणजे सही. मी आपला हिशोब जुळवला, की वर्षातून कधीतरी एक दिवस असा येत असणार, त्या दिवशी सगळे आमदार कायद्यांवर सह्या ठोकतात आणि आपापल्या घरी जातात. मला त्यात काही चूक दिसेना. घरी जाण्यापूर्वी सही करावीच लागते, आमच्या शाळेतल्या बाईही करायच्या.

तरी खात्री करून घ्यावी म्हणून मामंजींना विचारलं. मामंजी जन्मभर एका वकिलाकडे मोहरीर होते, म्हणजे वकिलाचे कारकून. कोर्टातले अर्ज, तारखा, पुकारे, सगळं त्यांच्या बोटांवर. ते झोपाळ्यावर पेपर वाचत होते. "मामंजी, साइनी डे म्हणजे सगळे सह्या करून घरी जातात तो दिवस ना?"

त्यांनी चष्मा काढला. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "हाव. तसंच काहीसं." आणि चष्मा लावून पुन्हा पेपरात डोकं घातलं.

नागपूरचा पेपर आमच्याकडे दुसऱ्या दिवशी यायचा. पुढं केव्हातरी एका सकाळी मामंजींनी झोपाळ्यावरूनच हाक मारली, "सूनबाई, तुझा साइनी डे आला!" पेपरात मोठ्या अक्षरांत छापलं होतं, विधानसभा बेमुदत तहकूब. मला बेमुदतही कळलं नाही आणि तहकूबही कळलं नाही. मला इतकंच कळलं की हे येणार. मी रवा काढला, तूप काढलं, आणि दराबा करायला बसले. आमच्या बुऱ्हाणपूरचा दराबा म्हणजे हात मोडायचं काम. भाजलेला रवा, तूप आणि पिठीसाखर फेटत राहायचं, फेटत राहायचं, लोण्यासारखं हलकं होईपर्यंत. शेजारची वहिनी आवाज ऐकून डोकावली. "काय वं, आज कोणता सण?"

"सायनडे," मी म्हणाले.

"तो कोणता?"

"हे येणार."

झालं! वहिनीने तो शब्द उचलला आणि गल्लीभर केला. तिचा नवरा केळीच्या बागेत राखणीला जाऊन आठ-आठ दिवस यायचा नाही. तो आला की ही ओट्यावर येऊन जाहीर करायची, "माह्या घरी सायनडे आहे, कोणी साखर मागायले येऊ नका!" तिची बहीण तिकडे डोईफोडियाला दिलेली. बहिणीचा नवरा जंगलखात्याच्या कामावर असायचा, तर तिच्याकडेही हा शब्द गेला म्हणे. बायकांना हवा होता तो. नवरा यायचा आनंद उघड बोलायची सोय नव्हती तेव्हा, आणि हा शब्द इंग्रजी होता, त्यात कोणाला लाज वाटेना.

ह्यांच्या कानावर गेलं तेव्हा हे इतके हसले, की दराब्याचा घास अडकला. "अगं, अध्यक्ष उभे राहून ते शब्द म्हणतात. रोज सभा उठते ना, तेव्हा उद्या अमुक वाजता भरेल असं सांगून उठते. शेवटच्या दिवशी तसं काही सांगत नाहीत. साइनी डाय म्हणतात. मग आम्ही पेन्सिली खाली ठेवतो." मी म्हटलं, म्हणजे काम संपलं. "संपलं," हे म्हणाले. मग माझं काय चुकलं होतं? मला वाटलं, शाबास आपली अक्कल.

असे काही सायनडे झाले. हे यायचे, काही दिवस घर भरायचं, आणि सभा पुन्हा बोलावल्याची तार आली की जायचे. खोली मिळाली नव्हती. मी दर वेळी विचारायची नाही, पण माझा चेहरा विचारत असणार, कारण हे आपणहून सांगायचे, "बघतोय ग."

मधले महिने मामंजी आणि मी. मामंजी वाईट नव्हते. जेवताना "आधी तू वाढून घे" म्हणणारा सासरा मी दुसरा पाहिला नाही. पण बोलायचं काय आम्ही? "भाजी बरी झालीय." "पाणी भरलं का?" एवढ्यात दिवस संपायचा. आमच्या मागच्या बाजूला विणकरांची वस्ती, दिवसभर मागांची खटखट चालायची आणि तिच्या सोबतीने माझी कामं उरकायची. शुक्रवारी जुम्म्याला माग बंद. त्या दिवशी घर असं गप्प व्हायचं, की मला झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू यायचा. शुक्रवारी मी रडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठीक.

मग छप्पन साल आलं. राज्यं नव्याने जोडली आणि तोडली जात होती. संध्याकाळी आमच्या ओट्यावर बैठक भरायची, बुऱ्हाणपूर कुठं जाणार यावर. कोणी म्हणे मुंबईत, कोणी म्हणे भोपाळला, एकजण तर म्हणाला आपल्याला कोणीच घेणार नाही. शेवटी ठरलं, की नागपूर मुंबई राज्यात जाणार, आणि आम्ही जिथल्या तिथं, नव्या मध्य प्रदेशात. राजधानी भोपाळ. आमचं गाव एक वीतभर हललं नाही, पण नागपूर मात्र आमचं राहिलं नाही.

हे त्याच दिवसांत दोन रात्री येऊन गेले. ह्यांच्या कचेरीतले हिंदीवाले भोपाळला जाणार होते आणि मराठीवाले मुंबईला. "मुंबईला खोली मिळणार, पक्कं सांगितलंय," हे म्हणाले. "इथली शेवटची बैठक होऊ दे. या वेळी नेतो तुला."

काय सांगू बाप्पा, मला बसवेना आणि उभंही राहवेना! मी देवापुढे साखर ठेवली, वहिनीला मिठी मारली, तिच्या हातातलं पीठ माझ्या साडीला लागलं. मग घरात आले तर मामंजी झोपाळ्यावर बसलेले. झोपाळा हलत नव्हता. मला एकदम त्यांची आठवण झाली, म्हणजे आम्ही गेल्यावर ते कुणाजवळ राहतील याची. मी म्हटलं, "मामंजी, तुम्हीपण चला ना मुंबईला."

"मी?" ते म्हणाले. "तापी सोडून मी कुठं जाऊ, पोरी? माझ्या ओळखीचं तिथं कोण?" आणि थोड्या वेळाने म्हणाले, "जा तुम्ही. माझं काय, चालेल."

मी म्हटलं, चालेल म्हणतात तर चालेल. वीस वर्षांच्या पोरीला दुसरं काय कळणार.

तो शेवटचा सायनडे. पेपरात बातमी आली, की नागपूरची सभा बेमुदत तहकूब झाली. वहिनीने माझी वेणी घातली. गल्लीतल्या बायका उगाच पाण्याच्या घागरी घेऊन ये-जा करत होत्या, तमाशा बघायला. दराबा झाला होता. दुपारी स्टेशनाकडून, लालबागच्या रस्त्याने येणारा टांगा शनवाऱ्याच्या वेशीतून आत वळला, आणि घुंगरांचा आवाज आमच्या दाराशी थांबला.

टांग्यात हे नव्हते. खाकी कोटातला एक चपराशी होता आणि त्याच्या पायांशी ह्यांची काळी ट्रंक.

चपराशी हिंदी मुलखातला. त्याचं गाव खंडव्याच्या पलीकडे, घरी जाऊन मग भोपाळला रुजू होणार होता, म्हणून वाटेत आमच्याकडे उतरला. ट्रंक ओट्यावर ठेवून हात जोडून म्हणाला, "साहब को वहीं से बंबई जाना पड़ा. कहा है, यह रख लें, और तारीख बता दें."

मामंजी दारातच बसलेले होते. त्यांनी त्याला पुन्हा बोलायला लावलं. तो पुन्हा तेच बोलला. मामंजी म्हणाले, "ठीक है." त्याला पाणी दिलं, दराबा दिला, आणि तो त्याच टांग्याने परत गेला.

मला हिंदी येत होतं, बुऱ्हाणपुरात कोणाला येत नाही? पण आमचं हिंदी गल्लीतलं, घाईचं. त्यात शेवटचा गे आम्ही गिळूनच टाकतो. मला ऐकू आलं, की साहेब मुंबईला गेले, ही ट्रंक ठेवून घ्या, आणि तारीख सांगतील. मी मामंजींना विचारलं, "तारीख सांगतील म्हणाला ना?"

मामंजी सुपारी कातरत होते. "हं," म्हणाले.

मी ट्रंक उघडली. आत वर्तमानपत्राचा कागद पसरलेला आणि डांबराच्या गोळ्या. बाकी काही नाही. ज्या ट्रंकेत ह्यांचे सदरे असायचे ती धुऊनपुसून, रिकामी करून आमच्या ओट्यावर आणून ठेवलेली. मला वाटलं, नवी घेतली असेल तिकडे, जुनी दिली पाठवून. वहिनी दारातून आत आली, तिने दराब्याचं पातेलं झाकून ठेवलं, आणि काय ते मला कळलं.

त्या संध्याकाळी मी मामंजींना म्हटलं, "तारीख कधी सांगतील हो?"

ते म्हणाले, "सूनबाई, साइनी डाय म्हणजे काय ते तुला आज सांगतो. लॅटिन आहे ते. साइनी म्हणजे बिन. डाय म्हणजे दिवस. बिनदिवसाचं. सभेत म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ, पुन्हा कधी भरणार ते आज सांगत नाही. अध्यक्ष बोलावतील तेव्हा. सभेला ते चालतं, सभेला घरं असतात जायला. पण आमच्या कोर्टात हाच शब्द आला की पक्षकाराचे पाय गळायचे. ज्याला तारीख पडली तो रडत का होईना घरी जायचा. ज्याची केस साइनी डाय झाली, त्याला ना निकाल, ना तारीख. केस मरत नाही आणि चालतही नाही. कोणीतरी पुन्हा अर्ज द्यावा लागतो, तेव्हा ती उठते."

"आणि अर्ज कोणी दिलाच नाही तर?"

"तर पडून राहते."

मी म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं तुम्हाला! सगळी गल्ली माझ्या नावाने हा शब्द बोलते. मला सांगितलं का नाही?"

त्यावर मामंजींनी जे उत्तर दिलं ते मी विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही. ते म्हणाले, "तू हसत होतीस. या घरात दुसरं कोण हसत होतं?"

मी त्यांच्या पायांशी बसून रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताचा मला आधार वाटला, आणि नंतर कितीतरी वर्षं मी तो प्रसंग आठवून आठवून स्वतःला सांगत असे, की नवरा नसला तरी सासरा देवमाणूस आहे.

मी तारखेची वाट बघू लागले. ह्यांची पत्रं यायची, पण ती मामंजींना. तेव्हा नवरा बायकोला वेगळं लिहीत नसे. तब्येत सांभाळा, पाऊस कसा आहे, सौ. ठीक असेल. त्यात तारीख नसायची. पुढच्या दिवाळीला हे आले ते पाहुण्यासारखे. जेवण झाल्यावर मला म्हणाले, "काय मग?"

मी म्हणाले, "काय?"

"काही ठरवलंस?"

मला असा राग आला! मी काय ठरवणार? ठरवायचं ह्यांनी, सांगायचं ह्यांनी, आणि वर मलाच विचारतात. मी म्हणाले, "माझं काय ठरायचंय? आहे मी इथं." हे उठून मामंजींशी बोलत बसले. मीही फुरंगटून आत भांडी आपटत बसले. जाताना ह्यांनी वळून पाहिलं, तेही मी खिडकीतून पाहिलं, दारात गेले नाही. पुढच्या वर्षी हे आले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी आले, एक रात्र राहिले. मग पत्रंही पातळ झाली.

मामंजींनी मला शिकवायला घेतलं. त्या झोपाळ्यावर बसून त्यांनी माझ्याकडून सातवी करून घेतली, मग मास्तरणीची परीक्षा. रात्री कंदील पुसून तेही माझ्यासमोर जागायचे, पुस्तक उलटं धरलं तरी कळायचं नाही असे पेंगत. मला प्राथमिक शाळेत नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. दिवसभर पोरांचा कलकलाट, संध्याकाळी मामंजींना भाकरी, शुक्रवारी मागांची खटखट बंद. मी शुक्रवारी रडायचं कधी बंद केलं ते मलाच आठवत नाही. माणसाला सवय होते म्हणतात, ती झाली असेल.

मामंजी गेले ते झोपेत. हे आले, तापीच्या राजघाटावर सगळं रीतसर केलं, तेरावं झालं. पाहुणे पांगले. ह्यांच्या डोक्यावरचे कोवळे केस वर येऊ लागले होते, चेहरा सुजल्यासारखा. ह्यांना अंथरायला गोधडी द्यावी म्हणून मी ती काळी ट्रंक ओढली आणि उघडली.

"ही अजून आहे?" हे म्हणाले.

"आहे की. गोधड्या असतात तिच्यात."

हे ट्रंकेजवळ उकिडवे बसले. कडीवरून बोट फिरवत म्हणाले, "तुझे कपडे भरून आणायला पाठवली होती ही."

मी म्हटलं, "कोणी?"

"मी. मुंबईची खोली पक्की झाली त्याच आठवड्यात नागपुराहून पाठवली. चपराशाकडून घोकून घेतलं होतं, की बाबूजी और बहूजी से कहना, यह रख लें और तारीख बता दें. तू कळवलीस की स्टेशनावर येणार होतो. तू कळवलीच नाहीस."

मला हसू आलं आधी. "अहो, तारीख तुम्ही सांगणार होतात."

"तू कधी निघणार ते मी कसं सांगणार?" हे म्हणाले.

आता एव्हाना मी शाळेत हिंदी शिकवत होते. बता दें, म्हणजे कृपया सांगा. बता देंगे, म्हणजे ते सांगतील. पोरांकडून पाटीवर गिरवून घेत होते मी हे, आणि ज्याचं चुकलं त्याचा कान धरत होते. मी तशीच उभी राहिले, हातात गोधडी. मला तो चपराशी दिसला, हात जोडलेला, तेच वाक्य पुन्हा म्हणणारा. मामंजींनी पुन्हा म्हणायला लावलं होतं त्याला. जन्म कोर्टात काढलेला माणूस. ज्याने आयुष्यभर एकेका अक्षरावर अर्ज फिरवले, त्याला दें आणि देंगे कळले नसतील?

"मामंजी तिथंच बसले होते," मी म्हणाले.

ह्यांनी मान वर केली नाही. "मी त्या दिवाळीला बाबांना विचारलं होतं. म्हणाले, तिचं मन इथंच दिसतं. जबरदस्ती करू नकोस. सध्या तहकूब ठेव."

मागच्या वस्तीत माग चालू होते. मी ट्रंकेच्या कडेवर बसले. मग मला एक वेडं बळ आलं. मी लाज सोडली, मान सोडला, आणि म्हणाले, "मग आता सांगते. उद्याची तारीख. नाहीतर आजची. ही ट्रंक रिकामी करायला कितीसा वेळ लागतो? चला."

ह्यांनी कडीवरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाले, "तिथं आता एकजण आहे."

मी म्हणाले, "बरं." गोधडी अंथरून दिली. सकाळी ह्यांच्यासाठी चहा ठेवला. तो एकच चहा, जसा ठेवायचा माझ्या मनात होता तसा, आलं ठेचून. हे तो प्यायले आणि गेले. त्यानंतर आम्ही भेटलो नाही. कोर्टातही कोणी गेलं नाही. पुढे ह्यांचंही कळलं, उशिरा, तिसऱ्याच माणसाकडून. मी बांगड्या उतरवल्या, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेले.

त्या सकाळी हे चहा पिऊन निघून गेल्यावर मी मामंजींच्या फोटोपुढे उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. वहिनी भिंतीपलीकडून ऐकत होती, ऐकू दे म्हटलं. एकटं राहायची तुम्हाला इतकी भीती वाटत होती तर तसं मला सांगायचं होतंत! मी राहिले असते. कदाचित राहिले असते. नाहीतर तुम्हाला मुटकुळं करून नेलं असतं मुंबईला, तापीचं पाणी तांब्यात भरून. तुम्ही विचारलंच नाहीत. सुपारी कातरत हं म्हणालात, आणि एका हं मध्ये माझा संसार संपला.

फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. पण मग घरात मी एकटीच उरले, आणि शुक्रवार आला. मी फोटो सरळ केला.

आता मीच त्यांच्या वयाची झाले. पितृपक्षात त्यांच्या तिथीला मी दराबा करते, हात दुखले तरी करते, त्यांना आवडायचा. पान वाढून मागच्या भिंतीवर ठेवते. कावळा लगेच येतो, दर वर्षी. इतरांकडे तासनतास वाट बघतात, विनवण्या करतात. आमच्याकडे नाही. मामंजींची काही इच्छा राहिलेली नसावी, त्यांना जे हवं होतं ते मिळालं.

वहिनी म्हणते, "आता तरी माफ कर वं त्या म्हाताऱ्याले. किती वर्षं झाली!" मी तिला सांगते, माफ केलं नाही असं नाही, आणि केलं असंही नाही. ते साइनी डाय आहे. तिला वाटतं मी चेष्टा करते, ती हसते. पण मामंजींनीच मला शिकवलंय, की ती केस मरत नाही. कोणीतरी अर्ज द्यावा लागतो. त्यांचा मुलगा गेला, ते गेले, अर्ज द्यायला आता मी एकटीच उरले आहे, आणि दर वर्षी पान ठेवून मी आत येते, दार लावते, आणि अर्ज देत नाही.